घर भरलं की सगळे ओरडायला का लागतात?

पंधरा माणसं एका हॉलमध्ये जमली की प्रत्येकजण ओरडत असतो आणि मजा म्हणजे आपण ओरडतोय असं एकालाही वाटत नसतं. गणपतीत किंवा जोडून सुट्टी आली की ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या कुठल्याही टू बीएचकेमध्ये हे दृश्य दिसेल, डोंबिवलीची मावशी, ऐरोलीहून आत्या आणि तिची सून, बदलापूरचे काका, नाशिकहून आदल्या रात्रीच येऊन पडलेली चुलत भावंडं, आणि कोणाचं तरी एक पोरगं सोफ्यावर उड्या मारतंय. सकाळी दहाला चहा होताना आवाज नॉर्मल असतो, साडेबारापर्यंत शेजारचे दार लावून घेतात. मध्ये भांडण वगैरे काहीही झालेलं नसतं. मग आवाज वाढवला कोणी?

सगळ्यांनी मिळून, आणि नकळत. एतिएन लोम्बार्द नावाचे पॅरिसमधले कान-नाक-घशाचे एक डॉक्टर होते, त्यांनी 1911 साली हे लिहून ठेवलं. पेशंटशी गप्पा मारता मारता त्याच्या कानात यंत्राने खरखर सोडली की पेशंट मोठ्याने बोलायला लागायचा आणि खरखर बंद केली की आवाज आपोआप खाली यायचा, आणि त्याला विचारलं तर आपण काही बदललं हे त्याच्या गावीही नसायचं. याला लोम्बार्ड इफेक्ट म्हणतात. आपण बोलताना आपला आवाज आपल्याच कानाने सतत तपासत असतो, तो आजूबाजूच्या गोंगाटात बुडायला लागला की मेंदू परस्पर व्हॉल्यूम वाढवतो, नुसता व्हॉल्यूम नाही तर स्वर लांबवतो, पट्टीही वर नेतो. पक्ष्यांमध्येही हे सापडलंय, म्हणजे फक्त आपल्या कोकणातल्या नातेवाइकांचा प्रॉब्लेम नाही.

आता हॉलमध्ये काय होतं बघा. काका टीव्हीच्या वर ऐकू जावं म्हणून थोडं जोरात बोलतात, काकांच्या वर ऐकू जावं म्हणून मावशी, मावशीच्या वर आत्या, आणि त्यात किचनमधून मिक्सर. प्रत्येकजण आपल्या जागी बरोबरच असतो. हे असंच वाढत वाढत छत का फोडत नाही, तर गोंगाट जितका वाढतो तितका आपण आवाज वाढवत नाही, साधारण त्याच्या निम्माच वाढवतो, त्यामुळे कुठेतरी जाऊन ते टेकतं. पण टेकतं ते बऱ्याच वरच्या पट्टीत. म्हणून "अरे हळू बोला रे" असं ओरडून सांगण्याचा उपयोग अर्ध्या मिनिटापुरताच होतो, त्यापेक्षा कोणीही बघत नसलेला टीव्ही बंद करा, शिडीची खालची पायरीच काढून घेतल्यासारखं होतं.

दुसरा दोष घराचा आहे, आणि हा माझ्या मते जास्त मोठा. आपल्या नवीन बिल्डिंगांमधले हॉल बघा, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर पीओपी, एका बाजूला काचेची स्लायडिंग, भिंतीवर गुळगुळीत प्लास्टिक पेंट. टाइल्सवर आपटलेल्या आवाजातला शंभरातला एखाद-दोन भाग काय तो टाइल्स गिळतात, बाकी सगळा परत हॉलमध्ये. म्हणजे मावशीचा एकच शब्द तुमच्या कानावर एकदा सरळ येतो, मग जमिनीवरून, काचेवरून, छतावरून पुन्हा पुन्हा येत राहतो, आणि तोवर तिचा पुढचा शब्द सुटलेला असतो.

याची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत हार्वर्डला फॉग म्युझियमचा नवीन लेक्चर हॉल बांधला आणि तिथे बोललेलं काही कळेचना, एक शब्द उच्चारला की साडेपाच सेकंद घुमत राहायचा. 1895 मध्ये हे लफडं वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण फिजिक्सच्या मास्तरांच्या गळ्यात घातलं. त्यांनी काय केलं, जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, हॉलमध्ये मांडायच्या, ऑर्गनचा पाइप वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचने मोजायचं, आणि सकाळी थिएटर उघडायच्या आत गाद्या परत जागेवर. वर्षानुवर्षं हा उद्योग. त्यातून खोलीचं आकारमान आणि आतल्या वस्तू किती आवाज शोषतात यावरून घुमणं किती टिकेल याचं सूत्र निघालं, आजही नाट्यगृहं बांधताना ते वापरतात. आणि त्यात त्यांना कळलं की एक माणूस साधारण सहा गाद्यांइतका आवाज शोषतो. म्हणजे पाहुणे आवाज करतात आणि थोडा शोषतातही, फक्त करतात जास्त.

गादी आवाज शोषते म्हणजे तिच्यात काही जादू नसते. कापसाच्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते, आवाजाची लाट आत शिरली की ती हवा तंतूंना घासत पुढेमागे होते आणि त्या घर्षणात आवाजाची ऊर्जा उष्णतेत जाते, अगदी नगण्य उष्णता. जाडी महत्त्वाची. पातळ चादर पसरून फार फरक पडत नाही, जाड कापसाची गादी पडली की पडतो. रात्री झोपायच्या वेळी हॉलभर गाद्या घातल्या की तेच लोक तेवढंच बोलत असून घर एकदम शांत वाटायला लागतं ना, ते लोक दमलेत एवढंच कारण नाही. माझी सूचना अशी की पाहुण्यांसाठी काढलेल्या गाद्या सकाळी घड्या घालून बेडरूममध्ये कोंबण्यापेक्षा हॉलच्या एका भिंतीला उभ्या टेकवून ठेवा, वर छानशी चादर टाका. दिसायला फार बरं दिसत नाही, सासूबाई बोलतील, पण ऐकायला सुख.

इतक्या गदारोळात आपल्याला समोरच्याचं कळतं तरी कसं? जेवणाच्या पंगतीचा व्हिडिओ काढून नंतर बघा, नुसता कालवा ऐकू येतो, कोण काय म्हणतंय काही कळत नाही, आणि तिथे बसलेले असताना मात्र तुम्ही आत्याचा पूर्ण किस्सा ऐकलेला असतो. फरक दोन कानांचा. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोचतो आणि डाव्या कानात किंचित नंतर, हा फरक एका मिलिसेकंदापेक्षाही कमी असतो पण मेंदूला तेवढा पुरतो, त्यावरून तो दिशा ठरवतो आणि त्या दिशेचा आवाज बाकीच्यातून वेगळा काढतो. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचे कॉलिन चेरी यांनी 1953 मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले, हेडफोनमधून दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडायची आणि एकाच कानातलं मोठ्याने म्हणत जायचं. लोकांना ते बऱ्यापैकी जमलं, पण दुसऱ्या कानात काय चाललं होतं विचारलं तर कोरी पाटी, मध्येच तिथली भाषा इंग्लिशची जर्मन केली तरी पत्ता लागला नाही. पुरुषाचा आवाज जाऊन बाईचा आला हे मात्र कळायचं. पुढे 1959 मध्ये नेव्हिल मोरे यांना आढळलं की दुर्लक्षित कानात स्वतःचं नाव आलं तर साधारण तिघांतल्या एकाला ते ऐकू येतं. म्हणजे आतल्या खोलीत तुमच्या लग्नाचा विषय निघाला आणि तुम्ही बाहेर बसून कान टवकारलेत तर त्यात विज्ञान आहे, आणि नाही ऐकू आलं तरी तुम्ही बहुसंख्येत आहात.

हे सगळं आजी-आजोबांच्या बाबतीत गडबडतं, आणि याच्याकडे आपण लक्ष देत नाही म्हणून जरा थांबून सांगते. वय झालं की आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त, ख यांसारखी व्यंजनं त्याच पट्टीत असतात, स्वर खालच्या पट्टीत. त्यामुळे आजोबांना कोणीतरी बोलतंय हे व्यवस्थित ऐकू येतं, काय बोलतंय ते कळत नाही. आणि आपण वैतागून मोठ्याने बोलतो तेव्हा स्वर मोठे होतात, जे त्यांना आधीच ऐकू येत होते. कानातलं मशीनही मिक्सर आणि मावशी दोघांनाही मोठं करतं, त्यामुळे ते मशीन काढून खिशात टाकतात आणि गॅलरीत पेपर घेऊन बसतात, मग घरात चर्चा होते की बाबांना हल्ली माणसं नको वाटतात. त्यांना माणसं हवी असतात हो. त्यांना भिंतीकडे पाठ करून कोपऱ्यात बसवा म्हणजे मागून आवाज येणार नाही, किचनच्या दारापासून लांब, आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल असं. गोंगाटात बोलणाऱ्याचे ओठ दिसले की शब्द कितीतरी जास्त कळतात, हे 1954 पासून प्रयोगांनी माहीत आहे आणि तरुण कानांनाही लागू आहे. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा काळा दिसतो, तेवढं टाळा.

आता पंधरा जण बोलतायत म्हणजे पंधरा जणांचं एकच संभाषण चालू आहे का? कधीच नाही. नीट बघा, चार-चारचे गट पडलेले असतात. ब्रिटिश संशोधक रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या गप्पांचे घोळके मोजले तेव्हा हेच निघालं, एका संभाषणात साधारण चार माणसं टिकतात, पाचवा आला की थोड्या वेळात त्याचे दोन तुकडे होतात. कोणी ठरवत नाही, कोणी रुसत नाही, दोघं जण शेजारी वळून वेगळंच काहीतरी सुरू करतात. एक कारण असं की बोलण्यात पाळी असते आणि ती फार पटकन बदलते. 2009 मध्ये जगातल्या दहा भाषांवर झालेल्या अभ्यासात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भाग जातो असं दिसलं. तोंडातून साधा एक शब्द काढायची तयारी करायला मेंदूला त्याच्या तिप्पट वेळ लागतो, म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण उत्तर तयार ठेवून बसलेलो असतो. आठ जणांमध्ये आठही जण असे तयार बसले तर सात जणांची वाक्यं घशातच राहतात, मग ती शेजाऱ्याला ऐकवली जातात, झाला नवा गट.

हसण्याचं मात्र वेगळं आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मॉलबिलमध्ये फिरून हसण्याचे बाराशे प्रसंग टिपले, त्यात जोक म्हणता येईल अशा वाक्यावरचं हसणं फार थोडं होतं, बाकी सगळं "बघू नंतर", "मी पण येतो" असल्या वाक्यांवर. आणि एकटा असताना माणूस जितका हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो. हे आपल्याकडे कोणाला पटवून द्यावं लागत नाही. कोणीतरी नुसतं "कुकर!" म्हणतं आणि नऊ जण लोळतात, नवीन सून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसते. पुढे डनबार यांच्या गटाने दाखवलं की मनसोक्त हसल्यावर लोक वेदना जास्त सहन करू शकतात, आणि 2017 मध्ये फिनलंडमध्ये मेंदूचं स्कॅन करून दिसलं की मित्रांबरोबर हसताना मेंदूत स्वतःचीच अफूसारखी रसायनं सुटतात. सगळ्यांनी मिळून एका तालात काही केलं तरी असंच काहीतरी होतं, ऑक्सफर्डचे रोइंग करणारे खेळाडू एकत्र वल्हवल्यावर एकट्याने वल्हवल्यापेक्षा जास्त दुखणं सोसू शकले. टाळ्या वाजवत लागोपाठ सात आरत्या म्हटल्यावर येणारी ती एक तरतरी, ती नुसती कापराची नसावी असं मला वाटतं.

जेवणाचं थोडक्यात. जॉन डी कास्ट्रो यांनी अमेरिकेत लोकांना खाण्याच्या डायऱ्या ठेवायला लावल्या, एक माणूस सोबत असला तर जेवण 33 टक्क्यांनी मोठं, सात किंवा जास्त असले तर 96 टक्क्यांनी, मुख्य कारण म्हणजे बसणं लांबतं. आणि ती अमेरिकन माणसं, त्यांच्या पानात कोणी "अर्धीच देते" म्हणून अख्खी पुरणपोळी टाकत नव्हतं.

त्यानंतर येणारी गुंगी निम्मी पुरणपोळीची. दुपारी एक ते तीनच्या सुमारास शरीराचं घड्याळ तसंही थोडं खाली येतं, न जेवताही. उरलेली हवेची. शांत बसलेला माणूस साधारण 100 वॉट उष्णता सोडतो, पंधरा जण म्हणजे दीड हजार वॉट, एक टनाचा एसी काढतो त्या साडेतीन हजार वॉटमधले दीड हजार इथेच गेले, वर ऊन आणि गॅस वेगळा. म्हणून सगळे दारंखिडक्या घट्ट लावतात, आणि तिथे फसतात, कारण आपला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये साधारण 40 घनमीटर हवा, प्रत्येकजण तासाला अठरा-वीस लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, हिशोब केला तर दहा मिनिटांत प्रमाण बाहेरच्या 420 पीपीएमवरून (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420) पंधराशेच्या घरात जातं. फटींतून थोडी हवा बदलते, पण कोंदट वाटतंच. धोका वगैरे काही नाही, खिडकी चार बोटं उघडी ठेवा आणि किचनचा एक्झॉस्ट चालू करा.

राहता राहिलं निघणं. "चला, निघतो आता" हे पहिल्यांदा म्हटल्यापासून माणूस खरोखर लिफ्टमध्ये शिरेपर्यंत पाऊण तास जातो, चपला घालून दारात उभं राहून ज्या गप्पा होतात त्या हॉलमधल्यापेक्षा चांगल्या असतात. 2021 मध्ये अमेरिकेत ॲडम मास्ट्रोयानी आणि सहकाऱ्यांनी अनोळखी माणसांच्या जोड्यांना हवं तेवढं बोलू दिलं आणि नंतर वेगवेगळं विचारलं, तर दोघांनाही हवं होतं तेव्हाच संपलेली संभाषणं दोनेक टक्के निघाली. कोणाला आधीच उठायचं होतं, कोणाला अजून बसायचं होतं, आणि समोरच्याला काय हवंय याचा अंदाज दोघांचाही चुकला होता. ही दोन माणसांची गोष्ट. आपल्या दारात अकरा असतात, त्यातले चार घरचे, दोन लिफ्टचा दरवाजा पायाने अडवून उभे, आणि खाली रिक्षावाल्याचं मीटर चालू.