आहारातील नायट्रेट आणि उच्च रक्तदाबात व्यायाम

पालेभाज्या आणि काही कंदमुळांतून पोटात गेलेल्या नायट्रेटपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड तयार करते. हा वायू रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल करतो, वाहिनी रुंदावते आणि रक्तदाब उतरतो. उच्च रक्तदाब असलेल्या माणसाला चालताना, चढ चढताना किंवा जोर-बैठका काढताना याचा आधार किती मिळतो, यावर गेली काही वर्षे संशोधन चालू आहे. कोल्हापूरला हा विषय घरचाच आहे. इथे गल्लोगल्ली तालमी आहेत, सकाळी रंकाळ्याभोवती चालणारे आहेत, आणि बाजारात पोकळा, चाकवत, मेथी, पालक यांच्या पेंड्या रोज येतात.

नायट्रिक ऑक्साइडचे रक्ताभिसरणातील काम उलगडल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. निरोगी माणसात हा वायू मुख्यतः रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात तयार होतो. उच्च रक्तदाबात नेमके हे अस्तरच थकलेले असते. भाजीतले नायट्रेट या अस्तरावर अवलंबून नसते, ते दुसऱ्याच वाटेने जाते, आणि म्हणूनच बीपीच्या रुग्णांसाठी त्याकडे एवढ्या आशेने पाहिले जाते.

ही वाट जिभेवरून जाते. खाल्लेले नायट्रेट लहान आतड्यातून रक्तात उतरते आणि त्यातला सुमारे चौथा हिस्सा लाळग्रंथी ओढून घेतात. जिभेच्या मागच्या भागात राहणारे जिवाणू लाळेतल्या नायट्रेटचे नायट्राइट करतात. लाळ गिळली की ते पोटात जाते. थोड्याचा आम्लामुळे तिथेच नायट्रिक ऑक्साइड होतो, उरलेले रक्तात मिसळते. जिथे ऑक्सिजन कमी आणि आम्लता जास्त, तिथे त्याचे नायट्रिक ऑक्साइडमध्ये रूपांतर जास्त होते. राबणाऱ्या स्नायूत नेमकी हीच स्थिती असते.

मधली एक कडी निसटली तरी सगळे थांबते. लंडनमध्ये २००८ साली झालेल्या प्रयोगात निरोगी लोकांनी नायट्रेटने भरलेला अर्धा लिटर बिटाचा रस प्यायल्यावर सुमारे अडीच तासांनी रक्तदाबाचा वरचा आकडा (हृदय आकुंचन पावतानाचा दाब) १० ने उतरला. ज्यांना रसानंतर लाळ न गिळता थुंकायला लावले, त्यांचा उतरला नाही. जंतुनाशक माउथवॉशनेही हा परिणाम मावळतो, कारण जिभेवरचे जिवाणूच मरतात. दाढेत तंबाखूचा बार धरून दिवसभर थुंकणाऱ्याने हे मनावर घ्यायला हवे. शिवाय तंबाखूतले निकोटीन रक्तदाब चढवते ते वेगळेच.

आता व्यायामाचे. चालताना, पळताना किंवा सायकल मारताना वरचा आकडा चढतो, खालचा फारसा हलत नाही. जड वजन रेटताना किंवा कुस्तीत समोरच्याला कब्जात धरून ठेवताना मात्र दोन्ही आकडे वर जातात. ताठलेला स्नायू स्वतःतल्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो, आणि त्यात श्वास कोंडला की छातीतला दाब आणखी भर घालतो. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत शरीरसौष्ठवपटूंनी दोन्ही पायांनी जड वजन रेटले, तेव्हा धमनीतला दाब सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला होता. ती तरणीबांड, कसलेली शरीरे होती.

उच्च रक्तदाबात ही चढण आणखी तीव्र असते. राबणारा स्नायू मेंदूला जे संदेश पाठवतो त्यांना मिळणारा प्रतिसाद वाजवीपेक्षा जोरकस असतो आणि वाहिन्या आवळणाऱ्या नसा जास्त चेकाळतात. एरवी स्नायू हे आवळणे आपल्या हद्दीत मोडून काढतो आणि रक्त ओढून घेतो. त्या कामात नायट्रिक ऑक्साइडचा हात असतो, आणि उच्च रक्तदाबात तोच तोकडा पडतो. नायट्रेटकडून अपेक्षा आहे ती इथे: स्नायूला रक्त सहज मिळावे आणि हृदयावरचा भार थोडा कमी व्हावा.

अपेक्षा कितपत खरी ठरली? बसल्याजागी मोजलेल्या रक्तदाबाबाबत चित्र बऱ्यापैकी चांगले आहे. २०१५ साली लंडनमधील चाचणीत उच्च रक्तदाब असलेल्यांनी चार आठवडे रोज २५० मिलिलिटर बिटाचा रस घेतला, त्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम नायट्रेट होते. दवाखान्यात मोजलेला वरचा आकडा सरासरी ७.७ ने आणि खालचा २.४ ने उतरला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून आलेल्या अभ्यासात मात्र आधीच गोळ्या चालू असलेल्यांना आठवडाभर रस देऊनही फरक पडला नाही. प्रत्यक्ष व्यायाम चालू असतानाचे अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एका दिशेने जात नाहीत. रस प्यायला म्हणून दंड मारताना बीपी ताब्यात राहील, असे कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नये. व्यायामाचा प्रकार, श्वास आणि वेळेवर घेतलेली गोळी यांचे वजन रसापेक्षा कितीतरी जास्त आहे. बसल्याजागीच आकडा १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी जोर लावू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे. उलट नेमाने चालण्याचा फायदा पक्का आहे. चालून आल्यावर रक्तदाब काही तास नेहमीपेक्षा खालीच राहतो.

रसाइतकेच नायट्रेट भाजीतूनही मिळते. पालक, माठ-पोकळा, मुळ्याचा पाला आणि बीट यांत ते भरपूर असते, आणि पानापेक्षा देठात अधिक. युरियाची मात्रा जास्त असेल किंवा ऊन कमी मिळाले असेल, तर झाडात ते साठून राहते. ते पाण्यात विरघळते, त्यामुळे भाजी उकडून पाणी पिळून टाकले की बराच भाग मोरीत जातो. चाकवत शिजवून त्याच पाण्यात घोटायचा, वर ताक आणि डाळीचे पीठ लावून पातळ भाजी करायची, ही आपल्याकडची रीत या दृष्टीने फार चांगली. फक्त मिठाला हात आखडता घ्यावा. खर्डा, पापड, लोणचे आणि वर पुन्हा मीठ अशा ताटात नायट्रेटने कमावलेले सगळे निघून जाते. व्यायामाआधी रस घ्यायचाच असेल तर दोन-तीन तास आधी घ्यावा, कारण रक्तात नायट्राइट चढायला तेवढा वेळ लागतो.

नायट्रेटची दैनंदिन मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ३.७ मिलिग्रॅम धरली जाते. ७० किलोच्या माणसाला ती सुमारे २६० मिलिग्रॅम पडते, म्हणजे चाचणीतला रस तिच्या पुढे जातो. पाण्यातल्या नायट्रेटची गोष्ट वेगळी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. उसासारख्या पिकाला घातलेले नत्रखत झिरपून विहिरीत उतरते, आणि अशा पाण्यात कालवलेले दूध तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटवू शकते.

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट हे याच कुळातले, पण स्वतंत्र औषध आहे. रस तिची जागा घेऊ शकत नाही. बीट आणि पालकात ऑक्झलेट बरेच असते, तेव्हा मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी जपून खावे. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्यांतले पोटॅशियमही बाधते. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी लालसर होते, त्याला घाबरायचे कारण नाही. बीट न खाता ती लाल दिसली, तर मात्र तपासणी करून घ्यावी.