भाकरी खाल्ली की शुगर वाढत नाही?

२०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष आलं आणि गेलं, पण जाताना आपल्या साध्यासुध्या ज्वारीला औषध करून गेलं. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या बाजारात आता ‘शुगरवाल्यांसाठी खास’ ज्वारीची बिस्किटं मिळतात, आणि ‘गहू बंद, ज्वारी सुरू, गोळी बंद’ हा मेसेज घरटी एकदा तरी येऊन गेलेला असतो. ज्या मुलखात आजा-पणजापासून भाकरीच ताटात आहे, तिथल्या माणसानं तरी विचारायला हवं होतं, की मग आमच्याकडे शुगर निघतेच कशी?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते छापले. त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं साधारण ६८ ग्रॅम, गव्हाच्या पिठात ६४ आणि पांढऱ्या तांदळात ७८. तंतुमय भाग ज्वारीत १०, गव्हाच्या पिठात ११, तांदळात तीनाच्याही आत. म्हणजे भाताच्या तुलनेत ज्वारी उजवी, कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या तुलनेत मात्र उन्नीस-बीस. डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ मध्ये टोरांटोत ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ मांडला. एखादा पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो हे त्यात शुद्ध ग्लुकोजला १०० धरून मोजतात. ७० आणि त्यापुढचा आकडा जास्तच. २००२ च्या आंतरराष्ट्रीय यादीत ज्वारीच्या भाकरीपुढे ७७ आहेत. इतर चाचण्यांत कमीही आकडे आलेत, आणि खरी गंमत तिथंच आहे. धान्य एकच असताना आकडा बदलतो कसा?

त्यासाठी पिठाच्या कणात शिरावं लागेल. ज्वारीतलं पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या. काही सरळ, त्यांना ॲमायलोज म्हणतात. बऱ्याचशा फांद्या फुटलेल्या, त्या ॲमायलोपेक्टिन. कच्च्या दाण्यात या साखळ्या कडब्याच्या पेंढीसारख्या आवळून बांधलेल्या असतात. आपल्या लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं ॲमायलेज हे विकर साखळ्या तोडतं खरं, पण आवळलेल्या पेंढीत त्याला शिरकाव मिळत नाही. मग आपण पिठात आधणाचं पाणी ओततो. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाची कणीक धरून ठेवणारं चिवट प्रथिन, नाही, त्यामुळे गार पाण्यानं भाकरी थापायला गेलं की कडा फाटतात. गरम पाण्यानं थोडं पिष्ट फुगतं, चिकट होतं आणि गोळा धरून ठेवतं. तव्यावर पडल्यावर उरलेल्या कणांचीही तीच गत. पाणी आत घुसतं, ७० अंशांच्या आसपास पेंढीचा आळा सुटतो, साखळ्या मोकळ्या होतात आणि विकराला रान मोकळं. टम्म फुगलेली, लुसलुशीत भाकरी पचायला हलकी लागते ती यामुळेच, आणि साखर चढवते तीही यामुळेच.

ज्वारीकडे एक अडसर मात्र आहे. काफिरिन नावाचं प्रथिन पिष्टाच्या कणांभोवती जाळं धरून असतं. ओलाव्यात उष्णता लागली की त्यातले गंधकाचे अणू एकमेकांशी नवे बंध बांधतात आणि जाळं आणखी घट्ट होतं. विकराची वाट अडते. पण गिरणीवाल्याला ‘बारीक दळ’ म्हटलं की हे जाळं ठिकठिकाणी फाटतं. म्हणून त्याच पोत्यातल्या ज्वारीच्या कण्या आणि मैद्यासारखं पीठ यांची रक्तातली चाल वेगळी. कण जितका जाड, तितकी साखर सावकाश.

आता शिळ्या भाकरीकडे येतो, हा माझा आवडता भाग. रात्रीची भाकरी सकाळी कडक होते ती वाळल्यामुळे, असं आपण धरून चालतो. पण घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेलीही कडक होतेच. पाणी उडून गेलं नाही, तरी गार होताना ॲमायलोजच्या सुटलेल्या साखळ्या पुन्हा शेजारीशेजारी लागतात, त्यांच्यात हायड्रोजनचे बंध तयार होतात आणि नवी, वेगळ्या बांधणीची पेंढी वळली जाते. ॲमायलोपेक्टिनही हेच करतं, पण सावकाश. हे काम सर्वांत जोरात चालतं फ्रिजच्या तापमानाला. या नव्या पेंढीतला काही भाग लहान आतड्यात तुटतच नाही. केंब्रिजमध्ये तंतुमय पदार्थ मोजताना हान्स इंग्लिस्ट आणि सहकाऱ्यांना असं हट्टी पिष्ट सापडलं. १९८२ मध्ये त्याला नाव मिळालं ‘रेझिस्टंट स्टार्च’. ते पुढे मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू त्याचं ब्युटिरेटसारख्या आम्लांत रूपांतर करतात आणि त्यावर आतड्याच्या अस्तराचं पोट भरतं. पुन्हा गरम केलं तरी ॲमायलोजचे हे बंध बरेचसे टिकतात, त्यांना शंभराच्या वर तापमान लागतं.

पण आता यावर रील काढू नका. भाकरीतला असा भाग थोडाच असतो. शिळी म्हणून चार खाल्ल्या तर हिशेब होता तिथंच येतो.

कारण मात्रा. आमच्या नात्यातल्या एका मावशींबरोबर आहारतज्ज्ञाकडे गेलो होतो. त्या बाईंनी काय खाऊ नका, हे सांगितलंच नाही. आधी विचारलं, “मावशी, काल उठल्यापासून काय काय खाल्लं?”

“काय खाणार माय, दोन टायमाला दोन-दोन भाकरी.”

“आणि सकाळी?”

“काहीच नाही. नुसता च्या.”

“चहासोबत?”

मग खारी निघाली, दहा वाजता वाटीभर सुशीला निघाला, चार वाजता परत चहा. सुशीला मुरमुऱ्यांचा, म्हणजे फुलवलेल्या तांदळाचा. तो कुणाच्या हिशेबातच नसतो. भाकरी केवढी, ते बाईंनी हातानं दाखवायला लावलं. आमच्याकडच्या भाकरीचा गोळा सहज ७० ग्रॅम पिठाचा. म्हणजे एका भाकरीत ४७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, दोन टायमाच्या चार भाकरींत १९० च्या घरात. त्यांनी भाकरी बंद केली नाही. एका वेळी एक, सोबत घट्ट वरण, अंबाडीची किंवा तांदुळजाची भाजी दुप्पट, शेंगदाण्याची चटणी चमचाभर, आणि कधी धपाटं केलं तर पिठात बेसन वाढवा, असं लिहून दिलं. हरभऱ्याचा इंडेक्स तिशीच्या आसपास असतो. प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ असले की जठर सावकाश रिकामं होतं.

असा पाठपुरावा किती लांब नेतो, ते ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ प्रयोगात दिसलं. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतली, इन्शुलिन न घेणारी, वजन जास्त असलेली माणसं. काही महिने दिवसाला साडेआठशे कॅलरीच्या आत-बाहेर, मग पायरीपायरीनं नेहमीचं जेवण, आणि आहारतज्ज्ञ किंवा नर्स सतत पाठीशी. गोळ्या बंद असूनही वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर मधुमेहाच्या रेषेखाली होती, दुसऱ्या वर्षाअखेर ३६ टक्क्यांची. घसरण का, याचं उत्तर बहुतेक वजनात होतं. ते परतलं की साखरही परतली.

याउलट ‘मुळासकट घालवतो’ म्हणणाऱ्यांच्या पुड्या. अशा ‘शुद्ध जडीबुटी’त चोरून मिसळलेलं ग्लिबेनक्लामाईड, म्हणजे ॲलोपॅथीचीच गोळी, देशोदेशीच्या तपासण्यांत सापडलंय. गुण येतो तो तिचा. कारल्याचा रस पिऊन वर ‘गुळाचा चालतो’ म्हणत चहा ढोसणारेही आहेतच. गुळात १०० ग्रॅमला ८५ ग्रॅम कर्बोदकं, जवळपास सगळी साखरच.

मूत्रपिंडावर परिणाम झालेल्याला वरण वाढवा म्हणून सांगता येत नाही. त्याचा तक्ता वेगळा. आणि इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या चालू असताना हा लेख वाचून उद्यापासून भाकरी निम्मी केली, किंवा एकादशीचा कडक उपवास धरला, तर डोस तोच राहिल्यानं साखर ७० च्या खाली जाऊ शकते. डॉक्टरांना आधी सांगा. तरीही दरदरून घाम सुटला, हात थरथरले, तर त्या क्षणी भाकरी देऊ नका, तिला वेळ लागतो. का, ते वर आलंच आहे. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी बोट टोचून पुन्हा बघा, आणि आकडा वर आला की मग भाकरी द्या.