थायमसमधली वाट : पेशींबाहेरच्या जाळ्याच्या संशोधनाची पार्श्वभूमी

छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी वयात आल्यावर आक्रसत जाते. त्यामुळे बराच काळ तिला फारसे काम नसावे असेच मानले जाई. १९६१ मध्ये लंडनला जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढली, तेव्हा त्यांची प्रतिकारशक्तीच कोलमडली. टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, इथेच घडतात, हे त्यातून पुढे आले.

या पेशी घडता घडता सतत फिरत असतात. अस्थिमज्जेतून आलेली कोवळी पेशी आधी ग्रंथीच्या बाहेरच्या कडेला जाते, मग पारख होत होत आत मध्यभागाकडे सरकते. बहुतेक पेशी वाटेतच मरतात. उरलेल्या थोड्याच रक्तात उतरतात. पण वाट दाखवतो कोण?

पेशींबाहेरची प्रथिने हे उत्तर सुरुवातीला कुणाच्या मनात नव्हते. या प्रथिनांचे पेशींभोवती असलेले जाळे म्हणजे नुसता आधार, असा समज होता. १९७० च्या दशकात या जाळ्यातली फायब्रोनेक्टिन आणि लॅमिनिन ही प्रथिने ओळखली गेली. १९८६ मध्ये, पेशी ज्या रेणूंनी ही प्रथिने धरतात त्यांना इंटेग्रिन हे नाव मिळाले. पकडायचे, सोडायचे, पुढे सरकायचे, ही पेशीची चाल त्यामुळे उलगडू लागली.

थायमसच्या बाबतीत मोठे काम झाले ब्राझीलमध्ये, रिओ द जानेरोच्या ओस्वाल्दो क्रूझ संस्थेत. विल्सन साव्हिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी घेतला चागास हा परजीवीमुळे होणारा आजार. याच संस्थेच्या कार्लोस चागास यांनी तो १९०९ मध्ये शोधला होता, आणि लॅटिन अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांना तो आजही छळतो. मला ही निवड फार मोलाची वाटते, कारण मूलभूत प्रश्न आपल्याच लोकांच्या दुखण्यातून उभा राहिला. या परजीवीची लागण झालेल्या उंदरांत थायमस झिजते, पण तिच्यातले फायब्रोनेक्टिन आणि लॅमिनिन उलट वाढते. पेशींची त्यावरची चाल वेगावते आणि अर्धवट घडलेल्या पेशी, एरवी ग्रंथीतच राहणाऱ्या, बाहेर निसटतात. पुढे रुग्णांच्या रक्तातही अशा पेशी सापडल्या.

याच गटाने मधुमेह होणाऱ्या एनओडी जातीच्या उंदरांत उलटे चित्र पाहिले. तिथे फायब्रोनेक्टिन धरणारा एक इंटेग्रिन कमी पडतो, आणि पेशी रक्तवाहिन्यांभोवतीच्या पोकळ्यांत साचून राहतात.

अर्थात जाळे एकटे वाट ठरवत नाही. केमोकाइन हे पेशींना खुणावणारे रेणू दिशा देतात, तर बाहेर पडण्यासाठी रक्तातल्या एस१पी या स्निग्ध रेणूची ओढ लागते. तोच केमोकाइन फायब्रोनेक्टिन किंवा लॅमिनिनसोबत असला की चाल बदलते. म्हणूनच साव्हिनोंचा गट या हालचालीकडे अनेक ओढींची बेरीज म्हणून पाहतो.