नवस वेगळा, नोव्हेना वेगळी

आमच्या बिल्डिंगमधल्या एका ताईंनी परवा मला जिन्यातच गाठलं. त्यांच्या लेकीच्या लग्नाला सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. डॉक्टर चालू आहेत, वणीच्या गडावर ओटी भरून झाली, त्र्यंबकला पूजा घालून झाली. "वहिनी, तुमचा बाल येशू नवसाला पावतो म्हणतात. तो नऊ दिवसांचा नवस कसा बोलायचा, तेवढं सांगा ना."

मी बोलायला गेले आणि थांबले. नऊ दिवसांची प्रार्थना असते ती नोव्हेना. नवस निराळा. पण हा घोळ काही त्यांचा एकटीचा नाही. नाशिकरोडला राहून मी तो आमच्याच लोकांच्या तोंडून जास्त ऐकलाय. "यंदा पोराच्या नोकरीसाठी नोव्हेना बोललेय" असं म्हणणाऱ्या बायका मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटल्यावर चर्चच्या पायरीवरच भेटतात. नोव्हेना बोलायची नसते, करायची असते. बोलतात तो नवस, आणि बोलला की मग फेडावा लागतो.

माझं माहेर नाशिकमधल्या शरणपूरचं, प्रॉटेस्टंट. सासर कॅथलिक. त्यामुळे लग्नानंतर पहिली काही वर्षं मलाही नोव्हेना म्हणजे मेणबत्ती लावून केलेला नवसच वाटायचा. शब्दही दिसायला भाऊ-बहिणीसारखे! प्रत्यक्षात नातं काही नाही. नोव्हेना लॅटिनमधल्या नोव्हेम म्हणजे नऊ या शब्दावरून आली. नोव्हेंबरही तिथलाच, कारण जुन्या रोमन पंचांगात तो नववा महिना होता. आपल्या नवसाचं मूळ मात्र नमस्, म्हणजे नमनाकडे नेतात. एकीत मोजणं आहे, दुसऱ्यात वाकणं.

मला फरक कळला तो बायबलमधल्या दोन प्रसंगांवरून.

पहिला हन्नेचा. मूल नाही, सवत टोचून टोचून बोलते, नवऱ्याचं प्रेम आहे पण त्याला दुखणं कळत नाही. ती शिलोच्या मंदिरात जाऊन रडते आणि शब्द देते: मुलगा झाला तर तो आयुष्यभर तुझा. ओठ हलतात, आवाज नाही, म्हणून एली याजकाला वाटतं ही बाई दारू पिऊन आली आहे. हा अस्सल नवस. अट आहे, शब्द आहे, आणि पुढे फेडणंही आहे. शमुवेलाचं दूध तुटल्यावर तिने त्याला खरोखरच शिलोला नेऊन सोडलं. नवसाचा पोर नवसाला दिला.

दुसरा प्रसंग यरुशलेममधला. येशू स्वर्गात गेला, जाताना 'शहरात थांबून राहा' एवढंच सांगून गेला. शिष्य, मरिया आणि इतर बायका माडीवरच्या खोलीत एकत्र प्रार्थना करत राहिले. ईस्टरनंतर चाळिसावा दिवस स्वर्गारोहणाचा आणि पन्नासावा पेंटेकॉस्टचा, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा. मधले दिवस मोजले तर नऊ भरतात. कॅथलिक चर्च नोव्हेनाचं मूळ इथे दाखवतं. आता या खोलीत कोणी काय देऊ केलं होतं? काहीच नाही. 'अमुक झालं तर तमुक करीन' असं कोणी म्हटलं नाही. किती दिवस थांबायचं हेही माहीत नव्हतं; नऊ हा आकडा आपण मागून मोजला. त्यांच्याकडे फक्त वाट बघणं होतं.

तर नवस म्हणजे शब्द देणं आणि नोव्हेना म्हणजे चिकाटीने मागत राहणं. नवसाचं ओझं काम झाल्यानंतर सुरू होतं. नोव्हेना नवव्या दिवशी संपते, काम होवो न होवो, मागे काही देणं उरत नाही. दोन्ही एकत्र करता येतात, नऊ दिवस प्रार्थना करून शेवटी एखादा संकल्प करणारे असतातच. पण एकीत दुसरी आपोआप येत नाही.

इथवर सोपं आहे. घोळ होतो तो पुढे, कारण आपण दोन्हीचा सौदा करतो. नवस उधारीचा, नोव्हेना रोखीची, एवढाच काय तो फरक उरतो.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी बाल येशूच्या यात्रेला नेहरूनगरच्या बाजूला येऊन बघा. मुंबई, वसई, गोवा, कुठून कुठून माणसं येतात. मिस्सा एकामागून एक, वेगवेगळ्या भाषांत. बाहेर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला. गुडघा दुखतो त्याने मेणाचा पाय वाहायचा, घर हवं त्याने मेणाचं घर. (परत जाताना द्राक्षांची पेटी, कारण हंगाम असतो. गोव्याच्या पाहुण्यांना यात्रा आणि द्राक्षं यांतलं नक्की काय ओढून आणतं हे मी विचारत नाही.) त्या गर्दीला हसायचा मला अधिकार नाही. मेणाचं बाळ हातात घेऊन दीड तास उन्हात उभ्या राहिलेल्या बाईच्या मनात सौदा आहे की हन्नेचं रडणं, हे मला बाहेरून कसं कळणार?

काही गोष्टी मात्र बाहेरूनही कळतात. चर्चच्या बाकावर कधीकधी एक झेरॉक्स सापडते: ही प्रार्थना नऊ दिवस म्हणा, रोज नऊ प्रती काढून चर्चमध्ये ठेवा, ही नोव्हेना कधीच वाया गेलेली नाही. आता तीच व्हॉट्सअॅपवर येते, 'नऊ जणांना पाठवा'. याला चर्चच्या धर्मशिक्षणात सरळ अंधश्रद्धा म्हटलंय: मन कुठे आहे ते न बघता, शब्द म्हटले किंवा कृती केली एवढ्यानेच फळ मिळतं असं मानणं. येशूने स्वतः बजावलं होतं की पुष्कळ बडबड केली म्हणजे देव ऐकतो असं समजू नका. त्याच येशूने विधवेची गोष्टही सांगितली, जी अन्यायी न्यायाधीशाच्या दारी इतक्या चकरा मारते की तो कंटाळून तिला न्याय देतो. एका कानाला ही दोन वाक्यं परस्परविरोधी वाटतात. पण विधवेच्या हातात झेरॉक्स नव्हती. तिला न्याय हवा होता आणि दुसरं दार नव्हतं, म्हणून ती येत राहिली.

आता नवसाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नोव्हेना चुकली तर फार तर दिवस वाया जातो. नवस चुकला की घर हलतं.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या मुलाला डेंग्यू झाला होता. प्लेटलेट उतरत चालल्या आणि सासूबाईंनी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्येच नवस बोलला: पोर बरं झालं तर तो आणि मी दरवर्षी यात्रेला घरापासून अनवाणी चालत येऊ. पोर बरं झालं. नऊ वर्षांचं होतं तेव्हा आजीचं बोट धरून उड्या मारत गेलं. सतराव्या वर्षी म्हणालं, "आजी, मी कधी बोललो होतो?" सासूबाईंचा गुडघाही तोवर गेला होता. त्या रात्ररात्र झोपेनात. नवस मोडला तर पोराच्याच मुळावर येईल, ही धास्ती.

शेवटी मीच त्यांना पॅरिशच्या, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या, फादरांकडे नेलं. माझी अपेक्षा होती की ते 'देव दयाळू आहे' म्हणून पाठवतील. त्यांनी चर्चचा कायदा काढला! 1983 च्या संहितेत 1191 ते 1198 ही कलमं फक्त नवसावर आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं. पहिलंच कलम म्हणतं, नवस म्हणजे विचारपूर्वक, मोकळ्या मनाने देवाला दिलेला शब्द, आणि तोही शक्य असलेल्या, अधिक चांगल्या गोष्टीचा. 1193 वाचून तर माझा मुलगा नाचलाच असता: नवस ज्याने बोलला त्यालाच तो बांधतो, दुसऱ्याला नाही. आजीने नातवाचे पाय नवसाला लावता येत नाहीत. राहिला तिचा स्वतःचा वाटा. योग्य कारण असेल तर पॅरिश प्रीस्ट खाजगी नवसातून मोकळं करू शकतो, आणि तितकंच किंवा त्याहून चांगलं काम असेल तर माणूस आपला खाजगी नवस स्वतःही बदलू शकतो.

फादरांनी विचारलं, "आई, अनवाणी चालण्याऐवजी काय कराल?" बोलता बोलता ठरलं की आमच्याच पॅरिशमधल्या एक बाई अंथरुणाला खिळून आहेत, त्यांच्याकडे दर गुरुवारी जायचं, वेणी घालून द्यायची, बायबल वाचून दाखवायचं. महिन्याभराने सासूबाई मला म्हणाल्या, "अनवाणी परवडलं असतं गं. ही बाई एकदा बोलायला लागली की थांबत नाही." पण एक गुरुवार चुकवला नाही त्यांनी.

बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकात एक कोरडा सल्ला आहे: बोलून न फेडण्यापेक्षा न बोललेलं बरं. आणि घाईने बोललेल्या नवसाचं काय होतं ते बायबलमधल्याच इफ्ताहाच्या कथेत आहे. युद्ध जिंकलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते तुला, असं तो म्हणून बसला. सामोरी आली ती डफ वाजवत त्याची एकुलती एक मुलगी. ही कथा चर्चमध्ये क्वचितच कोणी मन लावून वाचतं. वाचायला हवी, विशेषतः हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बसण्याआधी.

येशूने नवसावर सर्वांत कडक शब्द वापरले ते 'कुर्बान' या रिवाजावर. म्हातारे आईबाप मदत मागायला आले की लोक म्हणायचे, तुम्हाला जे मिळालं असतं ते मी देवाला वाहून टाकलंय. झालं, हात वर. देवाच्या नावावर आईबापांची भाकरी बुडवायची. माझ्या ओळखीच्या एका घरात यात्रेला दरवर्षी मोठी देणगी जाते आणि त्याच घरातल्या आजोबांच्या गोळ्या मेडिकलवाल्याकडे उधारीवर येतात. देव कशाने प्रसन्न होतो हा प्रश्न मला कोणी विचारला की आधी त्या गोळ्या आठवतात.

हे सगळं लिहिताना शरणपूरच्या कोणाला वाटेल, बघा, कॅथलिकांचं हे असंच! आपल्याकडे नवस नाहीत. खरंच? चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या त्या वस्तीत मी वाढले. उपासनेनंतर 'मुलगा पास झाल्याबद्दल उपकारस्तुतीचं दान' म्हणून पाकिटं वाचली जायची. त्यातली निम्मी परीक्षेच्या आधीच मनात कबूल केलेली असायची, आमच्या घरचीही. हंगामाच्या सणाला लिलावात येणारी कोंबडी कित्येकदा 'मानलेली' असायची. आम्ही नवस हा शब्द तेवढा टाळला. आणि मागे जायचं तर 2 जुलै 1505 ला स्टॉटर्नहाइम गावाजवळ वादळात वीज पडली, तेव्हा घाबरून 'संत अन्ने, वाचव, मी संन्यासी होईन' असं ओरडणारा एकवीस वर्षांचा तरुण म्हणजे पुढे प्रॉटेस्टंट पंथाचा पाया घालणारा मार्टिन ल्यूथर होता. त्याने शब्द पाळला, पंधरा दिवसांत एरफुर्टच्या मठात दाखल झाला, वकील होणार म्हणून बघणाऱ्या बापाचा संताप ओढवून घेतला. 1521 मध्ये त्याने अशाच मठातल्या व्रतांविरुद्ध लिहिलं. म्हणजे माझ्या माहेरच्या सगळ्या परंपरेच्या मागे एक भीतीत बोललेला नवस आहे, आणि तोही संत अन्नेला, जिच्या नावाचं कॅथेड्रल माझ्या सासरी, नाशिकरोडला आहे. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या आठवडाभर खूश होत्या.

'नवसाने पोरं होत असती तर नवरा कशाला लागला असता', असं तुकोबा कधीच विचारून गेलेत. जिन्यातल्या ताईंना मी ते ऐकवलं नाही. सहा वर्षं वाट बघणाऱ्या आईला असलं काही ऐकवू नये. हन्नेची गोष्ट सांगितली, आणि त्यातली एक बारीकशी जागा, जी मलाही उशिरा दिसली. देवळातून उठून हन्ना आपल्या वाटेने गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. हे शमुवेलाच्या जन्मानंतरचं नाही. तेव्हा पोटात काहीच नव्हतं. हातात काही पडायच्या आधीच ती उठून जेवली होती.

ताई जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बोलायचं काहीच नाही?"

"मागायचं. लेकीसाठी जे वाटतं ते, आपल्या शब्दांत. आणि डॉक्टर सोडायचा नाही."

"नारळ?"

"नारळ नको. मेणबत्ती चालेल, नसली तरी चालेल."

तेवढ्यात सासूबाई वरून जिना उतरत आल्या, वेणीचं सामान पिशवीत घेऊन, कारण गुरुवार होता. त्यांनी सगळं ऐकलं होतंच. "उद्यापासून नऊ दिवस संध्याकाळी मी येते तुमच्याबरोबर," त्या म्हणाल्या, "रिक्षाचे पैसे निम्मे निम्मे." ताईंनी मोबाईलवर कॅलेंडर उघडून बोटाने दिवस मोजले. पाचव्या दिवशी संकष्टी येत होती. चंद्रोदय नऊनंतर, तोवर परत येऊ, असं दोघींनी तिथेच ठरवलं.