टी पेशींची रसद तोडणारी वार

पोटातल्या बाळाची निम्मी जनुकं वडिलांची असतात. म्हणजे आईच्या प्रतिकारशक्तीच्या लेखी ते निम्मं परकंच. दुसऱ्याची किडनी बसवली, तर प्रतिकारशक्तीच्या टी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) तिच्यावर तुटून पडतात. मग बाळाला त्या नऊ महिने हात का लावत नाहीत? १९५३ मध्ये जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी मांडलेला हा प्रश्न पुढे कित्येक वर्षं तसाच राहिला.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात डेव्हिड मन आणि अँड्र्यू मेलर यांच्या गटाला त्याचा एक धागा सापडला. वारेतल्या (प्लॅसेंटातल्या) पेशी आयडीओ नावाचं एन्झाइम तयार करतात आणि ते ट्रिप्टोफॅन तोडतं. हे अमिनो आम्ल आपल्याला दूध, अंडी, डाळी यांतूनच मिळतं; शरीर ते बनवू शकत नाही. चेतलेल्या टी पेशीला भराभर विभागायचं असतं आणि त्यासाठी प्रथिनं लागतात. ट्रिप्टोफॅन संपलं, की तिच्यातलं जीसीएन२ हे प्रथिन टंचाई ओळखतं आणि विभाजन थांबवतं. वार टी पेशींना मारत नाही, त्यांची रसद तोडते.

त्यांचा प्रयोग मला फार देखणा वाटतो. गाभण उंदरांना त्यांनी आयडीओ अडवणारं औषध दिलं. बाप वेगळ्या वाणाचा होता, तिथले गर्भ गेले. आईबाप एकाच वाणाचे होते, तिथले गर्भ मात्र तगले. औषध तेच, डोसही तोच. म्हणजे गर्भ औषधाच्या विषारीपणामुळे गेले नव्हते. ते परके म्हणून ओळखले गेले होते.

ट्रिप्टोफॅन तुटून बनणारं कायन्युरेनिनही वाया जात नाही. टी पेशीतल्या एएचआर या ग्राही प्रथिनाला ते चिकटतं आणि कोऱ्या, अजून न चेतलेल्या टी पेशींना हल्लेखोर होण्याऐवजी इतरांना आवरणाऱ्या नियामक पेशी व्हायला लावतं.

कर्करोगाच्या अनेक गाठी हीच युक्ती वापरतात. त्यामुळे आयडीओ अडवणाऱ्या औषधांवर मोठी आशा होती. पण २०१८ मध्ये मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) सातशेहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या दुसऱ्या औषधाला एपाकॅडोस्टॅट या आयडीओ अडवणाऱ्या औषधाची जोड देऊन काहीच फायदा दिसला नाही. खरं तर इशारा आधीच मिळाला होता: आयडीओचं जनुक मुळातच नसलेल्या उंदरांच्या माद्यांनाही पिल्लं व्यवस्थित होतात. गर्भाच्या रक्षणाची एक वाट बंद असली, तरी दुसऱ्या असतात. गाठींचंही तसंच आहे. काही गाठी टीडीओ या दुसऱ्या एन्झाइमने तेच कायन्युरेनिन बनवतात. म्हणून पुढे काही गटांनी एन्झाइमचा नाद सोडून थेट एएचआर अडवणारी औषधं रुग्णांमध्ये तपासायला घेतली.