जुनी व्हॅन रोज चालवायची की नाही? आधी किलोमीटर मोजा, मग धूर बघा

गाडी जुनी झाली की सल्ले दोनच मिळतात, एकतर "विकून टाक, किती धूर सोडते" नाहीतर "इंजिन दणकट आहे, चालव अजून दहा वर्षं". पण ती रोज किती चालते, आणि एका दमात चालते की तुकड्यातुकड्यात, हे कुणी विचारत नाही. खरं उत्तर तिथेच आहे.

आधी कार्बनचं बघू. १ लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलचा २.३ किलो. आता १ लिटर डिझेलचं वजनच जेमतेम ०.८४ किलो, मग त्यातून २.७ किलो गॅस कुठून आला? तर कार्बन इंधनातला पण ऑक्सिजन हवेतला, १२ ग्रॅम कार्बन ३२ ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो आणि ४४ ग्रॅम गॅस तयार होतो. त्यामुळे हे मोजायला कुठलंही मशीन लागत नाही. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी परत फुल करताना किती लिटर बसलं ते बघा, डिझेल असेल तर २.७ ने आणि पेट्रोल असेल तर २.३ ने गुणा, झालं.

समजा जुनी डिझेल व्हॅन १० चं अ‍ॅव्हरेज देते, नवी १४ चं देईल, आणि तुम्ही वर्षाला १२,००० किलोमीटर फिरता. जुनी सव्वातीन टन सोडेल, नवी २.३ टन, म्हणजे वर्षाला वाचले ०.९ टन. पण नवी गाडी काय आकाशातून पडत नाही, भट्टीतलं स्टील, अ‍ॅल्युमिनियम, काच, प्लास्टिक, टायर असं सगळं धरलं तर ती बनतानाच आकाराप्रमाणे ६ ते १० टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. मधला आकडा ८ धरा, तो फिटायला साडेआठ वर्षं लागतात. तुम्ही वर्षाला ३,००० किलोमीटरच चालवत असाल तर चौतीस वर्षं! आणि ३०,००० चालवत असाल तर साडेतीनच. हिशोब ढोबळ आहे, पण गाडीच्या वयापेक्षा तुमचे किलोमीटर किती जास्त महत्त्वाचे आहेत हे यातून नीट कळतं. इलेक्ट्रिकचंही तसंच, बॅटरीमुळे बनवतानाचा बोजा जास्त, चालवतानाचा कमी, आणि वीज कशापासून बनते यावर बरंच काही ठरतं.

इथपर्यंत जुनी व्हॅन बऱ्यापैकी सुटली. पण धुराचं काय? कार्बन डायऑक्साइड सगळ्या पृथ्वीभर पसरतो, काजळी मात्र तुमच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जाते. डिझेल कारसाठी युरोपातल्या धुराच्या नियमांत, १९९२ च्या युरो १ मध्ये, किलोमीटरला १४० मिलिग्रॅम कण चालायचे, २००९ च्या युरो ५ मध्ये ती मर्यादा ५ मिलिग्रॅमवर आली. अठ्ठावीस पट फरक! आणि २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कॅन्सर करतो असं ठामपणे जाहीर केलं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, काजळी अडवणारा फिल्टर नसलेली जुनी डिझेल व्हॅन रोज शाळेसमोरून, भर वस्तीतून नेऊ नये, कार्बनचा हिशोब तिच्या बाजूने असला तरी.

त्यात थंड इंजिनाची भानगड वेगळीच. पेट्रोल गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातला विषारी धूर साफ करणारा डबा, साधारण २५० ते ३०० अंश तापल्याशिवाय नीट कामच करत नाही, आणि नेमकं तेव्हाच थंड इंजिन जास्त पेट्रोल मागत असतं, म्हणजे पहिल्या एकदोन किलोमीटरचा धूर सगळ्यात घाण. रोज दोन किलोमीटर जाऊन बंद, परत दोन किलोमीटर येऊन बंद, असं केलं की गाडी कायम याच अवस्थेत चालते. वर सायलेन्सरमधलं पाणी वाळत नाही आणि तो आतून गंजतो. (नवी डिझेल घेतली तरी सुटका नाही, तिचा फिल्टर आतली काजळी जाळायला ६०० अंशाच्या आसपास तापावा लागतो, छोट्या फेऱ्यांत तो चोक होतो.) दोन किलोमीटरला सायकल काढा, सगळी कामं एकाच लांब फेरीत उरका, आणि व्हॅन सामानाला किंवा सात-आठ माणसं न्यायला ठेवा, तिथे ती खरंच भारी पडते, कारण दोन गाड्यांचं काम एकटी करते.

एसीकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस आहे, तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १,४०० पट उष्णता अडवतो. दरवर्षी अर्धा किलो गॅस गळतो आणि आपण नुसता भरून घेतो, तर ते ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच झालं, वरच्या हिशोबात नव्या गाडीने वर्षाला जे वाचत होतं त्याचा पाऊण हिस्सा! आधी लीकेज शोधायला सांगा, मगच गॅस भरा.

बाकी धुराचा रंग बघत जा. काळा म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही, इंजेक्टर किंवा एअर फिल्टर तपासा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले. इंजिन तापल्यावरही पांढरा येत असेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) बघून घ्या, गाडी तशीच दामटू नका. टपावरचं रिकामं कॅरियर काढून ठेवा, व्हॅन आधीच चौकोनी डबा, त्यात वेग ६० वरून ९० वर नेला की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो.

सुरक्षेचं मात्र कुठल्याच हिशोबात बसत नाही. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) नाही, एअरबॅग नाही, काही जुन्या व्हॅनमध्ये तर ड्रायव्हरचे पाय थेट पुढच्या पत्र्यामागे असतात. खालून चासी गंजून भोकं पडली असतील तर इंजिन कितीही गोड चालू दे, ती व्हॅन रस्त्यावर आणू नका. आणि विकली म्हणून ती धूर सोडायची थांबत नाही, फक्त दुसऱ्याच्या दारात जाते. खरंच संपली असेल तर नीट स्क्रॅपला द्या, जिथे एसीचा गॅस आणि ऑइल आधी काढून घेतात आणि बॅटरीतलं शिसं परत वापरात जातं.