छिन्नीवरचा घाव आणि पाण्याचा पेला

1920च्या दशकात निकोलाय बर्नस्टाइन हे शास्त्रज्ञ मॉस्कोच्या केंद्रीय श्रम संस्थेत कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करत होते. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगाराच्या हाताला आणि हातोड्याला छोटे दिवे लावून ते त्या दिव्यांचा मार्ग छायाचित्रात टिपत. निष्णात कामगाराचा घाव दर वेळी नेमका बसे. पण तिथवर पोहोचताना त्याचे खांदा, कोपर आणि मनगट दोन घावांत अगदी एकाच वाटेने गेलेले नसत. सरावाचे वर्णन बर्नस्टाइन यांनी ‘पुनरावृत्तीविना पुनरावृत्ती’ असे केले. आपले अक्षरही त्याचीच साक्ष देते: वहीत लिहिताना बोटे आणि मनगट राबतात, फळ्यावर कोपर आणि खांदा, तरी अक्षराचे वळण तेच राहते. मेंदू स्नायूंना द्यायचा ठरावीक हुकूम पाठ करत नाही. काय साधायचे आहे हे धरून तो दर वेळी सांध्यांची नव्याने जुळणी करतो.

पक्षाघातानंतरच्या फिजिओथेरपीत ही गोष्ट फार मोलाची ठरते. टेबलावरच्या पेल्याकडे हात नेणारा रुग्ण पाहा. खांदा कानाकडे चढतो, कोपर सरळ होत नाही आणि राहिलेले अंतर तो कमरेतून पुढे वाकून भरून काढतो. पेला हाती येतो, पण सवय मात्र वाकण्याची लागते. म्हणून थेरपिस्ट कधी त्याची पाठ पट्ट्याने खुर्चीला टेकवून ठेवतो, म्हणजे कोपराला आपले काम करावेच लागते. मग पेला कधी जवळ, कधी लांब, कधी अर्धा भरलेला, तर कधी त्याच्या जागी कान असलेला कप, असा बदल करत सराव चालतो.

अशा बदलत्या सरावात हात जास्त चुकतो, आणि घरच्यांचा धीर इथेच सुटतो. 1979 मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांनी निरोगी विद्यार्थ्यांकडून हाताच्या तीन हालचाली करून घेतल्या. एकेक हालचाल सलग घोटणारे सरावात वेगाने सुधारले. पण दहा दिवसांनी पुन्हा पाहिले तेव्हा तिन्ही हालचाली उलटसुलट क्रमाने केलेल्यांच्या अंगात त्या अधिक मुरलेल्या होत्या. त्यामुळे रुग्णाची प्रगती सत्राच्या शेवटी जोखण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी जोखावी, असे मला वाटते.

दुसरी अडचण सरावाच्या प्रमाणाची आहे. अमेरिका आणि कॅनडातील पक्षाघात-पुनर्वसन केंद्रांच्या 2009 सालच्या एका पाहणीत, हाताच्या उपयुक्त हालचाली एका सत्रात सरासरी 32 वेळाच झालेल्या आढळल्या. प्राण्यांवरील प्रयोगांत मात्र मेंदूतील बदल रोजच्या शेकडो हालचालींनंतर दिसले आहेत. हे अंतर दवाखान्यातल्या तासाभरात भरून निघणे कठीण आहे. घरी मायेपोटी पेला रुग्णाच्या चांगल्या हातात दिला जातो, आणि अधू हाताची तेवढी एक संधी जाते. थेरपिस्टने हात मोकळा वापरायची मुभा दिली असेल, तर पेला त्या हाताच्या बाजूला ठेवावा. आधी पावच भरावा, आणि दर वेळी जागा थोडी बदलावी.